स्तनांतील गांठ आणि चुंबकाची साक्ष

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारांत फार पूर्वीपासून मानले जातात. घाटाखालीं पूर्णा नदीच्या खोऱ्यांतील काळीभोर जमीन, मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं आगगाडीच्या रस्त्यावरचीं गांवें आणि खामगांवची कापसाची पेठ. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा उंचावरचा, बराचसा मुरमाड मुलूख. तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारींत सुमारें २५ लाख ८६ हजार भरली. त्यांत जवळजवळ निम्म्या स्त्रिया. यांपैकीं कोणाच्या तरी हाताला, न्हातांना किंवा चोळी बदलतांना, स्तनांत एखादी गांठ लागते. त्यानंतर ती काय करते, प्रथम कोणाला सांगते, तिला कोठें नेतात आणि कोणती तपासणी आधीं होते, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींवर तिचें पुढील आयुष्य पुष्कळदां ठरतें. हल्लीं अशा प्रसंगीं एम्. आर. आय. या यंत्राचें नांव वरचेवर कानीं पडतें. स्तनरोगाच्या निदानांत या यंत्राची खरी जागा कोणती, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

या बाबतींत दोन परस्परविरुद्ध चुका होतांना दिसतात. खेड्यांतील स्त्री गांठ लपविते. दुखत नाहीं, मग बोलावयाचें कशाला, असें तिला वाटतें. परक्या डॉक्टरापुढें छाती उघडी करण्याचा संकोच वाटतो. सोयाबीनची सोंगणी उरकूं द्या, कापसाची वेचणी होऊं द्या, मुलीचें लग्न पार पडूं द्या, असें म्हणतां म्हणतां वर्ष निघून जातें. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत नेमका उलट प्रकार घडतो. गांठीची गोष्ट कळतांच कोणी तरी आप्त सांगतो कीं, लहानसहान तपासण्यांत वेळ कशाला घालवितां, एकदम एम्. आर. आय. करून घ्या, म्हणजे सारा उलगडा होईल. पहिल्या घरांत तपासणीच होत नाहीं. दुसऱ्या घरांत शेवटची तपासणी पहिली होते. पहिल्या चुकीची किंमत कित्येकदां जिवानें मोजावी लागते. दुसरीची किंमत पैसा, नाहक भीति आणि क्वचित् अनावश्यक शस्त्रक्रिया यांत चुकवावी लागते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. स्तनांतील प्रत्येक गांठ म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक गांठी निरुपद्रवीच असतात. तरुण मुलींत रबरासारखी घट्ट, वाटोळी आणि बोटाखालून सटकणारी जी गांठ आढळते, तिला फायब्रोअ‍ॅडिनोमा म्हणतात. ती कर्करोगाची नसते. पस्तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान कित्येक स्त्रियांच्या स्तनांत पाण्यानें भरलेल्या पिशव्या होतात. अंगावर पाजणाऱ्या मातेला दूध सांचून, ताप येऊन गळूं होतें. कांहीं स्त्रियांना पाळीच्या आधीं स्तनांत गोळे लागतात व ते दुखतात. पाळी येऊन गेली कीं ते ओसरतात. आपल्याकडे स्तनाचा क्षयही अधूनमधून आढळतो, आणि क्षयाच्या औषधांनीं तो बरा होतो.

भिण्याजोगीं चिन्हें निराळीं आहेत. कठीण, ओबडधोबड, एका जागीं रुतून बसलेली आणि पुष्कळदां मुळींच न दुखणारी गांठ. स्तनाच्या कातडीला पडलेली खळी. संत्र्याच्या सालीवर असतात तशीं बारीक छिद्रें दिसूं लागलेली जाड कातडी. पूर्वीं सरळ असलेलें व आतां आंत ओढलें गेलेलें बोंड. बोंडांतून येणारें रक्त. बोंडावरची बरी न होणारी खपली. आणि काखेंतील गांठ. वऱ्हाडांत संत्र्याची साल ओळखीची नाहीं असें घर नसेल. म्हणून ही खूण तरी प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवावी. दुखणें हें कर्करोगाचें नेहमींचें लक्षण नव्हे. किंबहुना न दुखण्यामुळेंच हा रोग फसवितो. पुरुषांनाही हा रोग क्वचित् होतो, हेंही विसरतां कामा नये.

भारतांत २०२२ या एका वर्षांत स्तनाच्या कर्करोगाचे सुमारें १ लाख ९२ हजार नवे रुग्ण झाले व सुमारें ९८ हजार रुग्ण दगावले, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. ज्या देशांत गांठ लहान असतांनाच ओळखली जाते, तेथें नव्या रुग्णांच्या मानानें मृत्यूंचें प्रमाण पुष्कळच कमी आहे. रोग तोच, बऱ्याच अंशीं फरक आहे तो ओळखण्याच्या वेळेचा, आणि मग वेळीं मिळणाऱ्या उपचाराचा.

ही ओळख पटविण्यासाठीं वैद्यकशास्त्रानें तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली पायरी हाताची. जाणत्या डॉक्टरानें किंवा शिकविलेल्या परिचारिकेनें दोन्ही स्तन व दोन्ही काखा नीट तपासावयाच्या. दुसरी पायरी चित्राची. वय तिशीच्या आंत असेल तर साधारणतः सोनोग्राफी पुरते, कारण तरुण स्तन दाट असतात व क्ष-किरणांच्या चित्रांत गांठ त्या दाटींत लपते. चाळिशीच्या पुढें मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचें क्ष-किरणचित्र काढतात व जोडीला सोनोग्राफी करतात. मधल्या वयांत काय करावयाचें तें डॉक्टर ठरवितात. तिसरी पायरी सुईची. गांठ संशयास्पद वाटली तर ती जागा बधिर करून पोकळ सुईनें तिचा बारीक तुकडा काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. सुई टोंचल्यानें रोग पसरतो, असा समज घरोघरीं आहे. त्यासाठीं बायॉप्सी टाळण्याचें कांहींएक कारण नाहीं. कर्करोग आहे किंवा नाहीं याचा निकाल ही सुईच देते. रोग असल्यास तो कोणत्या औषधांना वश होईल, हेंही त्याच तुकड्यावरून कळतें. या तीन पायऱ्यांनीं बहुसंख्य स्त्रियांचें निदान पुरें होतें. एम्. आर. आय. ही चौथी पायरी आहे, आणि ती सर्वांनीं चढावयाची नसते.

आतां हें यंत्र करतें तरी काय? त्याचें पुरें नांव चुंबकीय अनुनाद चित्रण असें आहे. मानवी शरीराचा मोठा भाग पाण्याचा आणि चरबीचा; आणि या दोहोंतही हायड्रोजनचे अणु विपुल असतात. हायड्रोजनच्या प्रत्येक अणूचें केंद्र म्हणजे जणूं एक अतिसूक्ष्म लोहचुंबकच. एरवीं हे चिमुकले चुंबक दाही दिशांना तोंडें करून असतात. रुग्णाला प्रबळ चुंबकाच्या पोकळींत निजविलें म्हणजे त्यांतील थोडेसे अधिक चुंबक एका दिशेला वळतात, आणि जमिनीवर सोडलेल्या भोंवऱ्याप्रमाणें एका ठराविक गतीनें डोलूं लागतात. दोन तंबोरे एकाच सुरांत लावून शेजारीं ठेवले आणि एकाची तार छेडली, तर दुसऱ्याची तार आपोआप झंकारते. यालाच अनुनाद म्हणतात. शरीरांतील भोंवऱ्यांच्या नेमक्या सुराची लहर बाहेरून पाठविली कीं तेही असेच झंकारतात.

ही बाहेरून पाठविलेली लहर रेडिओचीच असते, हें ऐकून श्रोत्यांना गंमत वाटेल. नेहमींच्या दीड टेस्ला शक्तीच्या यंत्रांत तो सूर सेकंदाला सुमारें ६ कोटि ४० लाख कंपनांचा, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झचा असतो. एफ्. एम्. वरील कार्यक्रम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत ऐकूं येतात. त्या पट्ट्याच्या थोडें खालीं हें यंत्र रुग्णाच्या शरीराशीं बोलत असतें. बाहेरील लहरींनीं या संभाषणांत व्यत्यय आणूं नये म्हणून यंत्राची खोली तांब्याच्या पत्र्यानें मढविलेली असते. लहर पाठविणें थांबविलें म्हणजे हे भोंवरे पूर्वस्थितीला येऊं लागतात, आणि येतां येतां स्वतःच क्षीण लहरी सोडतात. पाणी, चरबी, दुधाच्या ग्रंथी व रोगट पेशी यांना पूर्ववत् होण्यास लागणारा वेळ निरनिराळा असतो. त्या उत्तरांवरून गणकयंत्र शरीराचें थरावर थर असें चित्र रचतें. उत्तर कोठून आलें हें समजावें म्हणून चुंबकाची शक्ति जागोजाग किंचित् कमीअधिक केलेली असते. हा फेरफार करणाऱ्या तारांच्या वेटोळ्यांमुळेंच यंत्रांत हातोड्यासारखे ठोके ऐकूं येतात. या यंत्राचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकशक्तीच्या तीस हजार पटींहून अधिक प्रबळ असतो, आणि बहुतेक यंत्रांत त्याच्या तारा द्रवरूप हेलियममध्यें, शून्याखालीं २६९ अंशांच्या थंडींत ठेवाव्या लागतात. मात्र यांत क्ष-किरण मुळींच नसतात.

या विद्येचा इतिहास थोडक्यांत असा. अणुकेंद्रांचा हा अनुनाद इझिडोर राबी यांनीं १९३८ सालीं रेणूंच्या झोतांत दाखविला. १९४६ सालीं फेलिक्स ब्लॉख व एडवर्ड पर्सेल यांनीं स्वतंत्रपणें तो घन व द्रव पदार्थांत दाखविला आणि १९५२ चें नोबेल पारितोषिक मिळविलें. १९७१ सालीं रेमंड डमेडियन यांना उंदरांच्या कर्करोगग्रस्त पेशींचें उत्तर निरोगी पेशींहून निराळें असल्याचें आढळलें. १९७३ सालीं पॉल लॉटरबर यांनीं या लहरींपासून चित्र काढून दाखविलें, आणि पीटर मॅन्सफील्ड यांनीं तें झपाट्यानें काढण्याची रीत बसविली. या दोघांना २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

केवळ चुंबकाच्या चित्रावरून स्तनांतील बरीवाईट गांठ ओळखणें मात्र अवघड गेलें. तो मार्ग उघडला गॅडोलिनियम या धातूपासून केलेल्या औषधानें. हें औषध हाताच्या शिरेंतून देतात; तें रक्ताबरोबर स्तनांत पोहोंचतें आणि चित्रांत उजळून दिसतें. स्तनासाठीं त्याचा उपयोग करण्याचे आरंभींचे प्रयोग १९८० नंतरच्या दशकांत जर्मनींत झाले. कर्करोगाची गांठ वाढण्यासाठीं रक्ताची भुकेली असते. ती स्वतःसाठीं नव्या रक्तवाहिन्या घाईघाईनें तयार करते, आणि घाईच्या कामाप्रमाणें त्या गळक्या असतात. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला हें सहज उमगेल. घाटावरच्या मुरमाड रानांत पाणी झटकन् मुरतें आणि झटकन् निघूनही जातें; घाटाखालच्या काळ्या जमिनींत तें सावकाश शिरतें व पुष्कळ वेळ टिकून राहतें. कर्करोगाची गांठ बहुधा मुरमाड रानासारखी वागते. औषध वेगानें घेते आणि वेगानें सोडते. निरुपद्रवी गांठ बहुधा काळ्या जमिनीप्रमाणें हळूहळू उजळत जाते. म्हणून औषध देण्यापूर्वीं एकदां आणि दिल्यानंतर थोड्या थोड्या मिनिटांनीं पुनःपुनः चित्रें घेतात व त्यांची तुलना करतात. पण मुरमांतही कोठें पाणी साठतें आणि काळ्या रानांतही भेगांतून तें वाहून जातें. तसेच अपवाद येथेंही आहेत. कांहीं साध्या गांठी झटकन् उजळतात आणि कांहीं आरंभींचे कर्करोग संथपणें. याच अपवादांत या यंत्राची मर्यादा आहे.

हें यंत्र खरोखर उपकारक ठरतें, असे प्रसंग ठरलेले आहेत. कांहीं घराण्यांत आई, मावशी, बहीण अशा अनेकींना कमी वयांत हा रोग झालेला असतो. यांतील कांहीं घराण्यांत बी. आर. सी. ए. या नांवाच्या दोन जनुकांपैकीं एकांत दोष आढळतो. पहिल्या जनुकाचा शोध १९९४ सालीं व दुसऱ्याचा १९९५ सालीं लागला. घराण्यामुळें किंवा जनुकदोषामुळें मोठा धोका असलेल्या १,९०९ स्त्रियांची पाहणी नेदरलंड्समध्यें झाली व तिचा वृत्तांत २००४ सालीं प्रसिद्ध झाला. आसपासच्या पेशींत शिरलेल्या कर्करोगांपैकीं मॅमोग्राफीनें शेंकडा ३३ ओळखले, एम्. आर. आय. नें शेंकडा सुमारें ८० ओळखले. अशा स्त्रियांना लक्षण नसतांनाही दरवर्षीं हें चित्र काढण्याचा सल्ला देतात. लहानपणीं किंवा तारुण्यांत छातीवर किरणोपचार झालेल्या स्त्रियाही याच वर्गांत येतात. दुसरा प्रसंग असा कीं, काखेंतील गांठींत स्तनाचा कर्करोग सांपडतो, पण स्तनांत मात्र हाताला, मॅमोग्राफीला वा सोनोग्राफीला कांहीं लागत नाहीं. तेव्हां लपलेलें मूळ शोधण्यास हें यंत्र उपयोगी पडतें. शस्त्रक्रियेपूर्वीं औषधें देऊन गांठ लहान करावयाची असेल, तर ती किती विरली हें याच चित्रांत सर्वांत नीट दिसतें. पूर्वींच्या शस्त्रक्रियेचा वण आणि उलटलेला रोग यांतील फरक पाहण्यासही त्याचें साहाय्य होतें.

अतिशय दाट स्तन असलेल्या स्त्रियांविषयीं नेदरलंड्समध्येंच ५० ते ७५ वयाच्या ४० हजारांहून अधिक स्त्रियांची दुसरी मोठी पाहणी झाली. ती २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. मॅमोग्राफी निर्दोष आल्यावर त्यांतील कांहींना एम्. आर. आय. साठीं बोलाविलें. दोन तपासण्यांच्या मधल्या काळांत अचानक उघडकीस येणाऱ्या कर्करोगांचें प्रमाण, न बोलाविलेल्यांत हजारीं ५ होतें. बोलाविलेल्यांत तें हजारीं २.५ झालें. पण नाण्याची दुसरी बाजूही त्याच पाहणींत दिसली. ज्यांनीं हें चित्र काढविलें, त्यांतील हजारीं सुमारें ८० स्त्रियांना संशयावरून पुढील तपासण्यांना सामोरें जावें लागलें आणि अखेर कर्करोग नसल्याचें निष्पन्न झालें.

यंत्राची तीक्ष्ण दृष्टि ही अशी दुधारी आहे. त्याला पुष्कळ दिसतें; पण दिसलेलें सारें रोगच असतें असें नाहीं. पाळीच्या चक्राप्रमाणें निरोगी स्तनही कमीअधिक उजळतो. म्हणून ज्यांची पाळी चालू आहे त्यांचें चित्र, घाई नसेल तर, पाळीच्या सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान काढणें बरें. उलट, कांहीं आरंभींच्या कर्करोगांत चुन्याचे बारीक कण जमतात. ते मॅमोग्राफींत दिसतात, एम्. आर. आय. मध्यें दिसत नाहींत. म्हणजे एक यंत्र दुसऱ्याची जागा घेऊं शकत नाहीं. कर्करोग ठरल्यानंतर प्रत्येक रुग्णाचें हें चित्र काढलें तर शस्त्रक्रिया अधिक अचूक होईल, अशी एके काळीं आशा होती. ब्रिटनमध्यें १,६२३ स्त्रियांवर ती कसोटीला लावली गेली. २०१० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, ज्यांचें चित्र काढलें त्यांत आणि ज्यांचें काढलें नाहीं त्यांत, पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागण्याचें प्रमाण सारखेंच, शेंकडा १९ होतें. म्हणून सरसकट सर्वांसाठीं नव्हे, तर निवडक रुग्णांसाठीं हें चित्र काढावें, असा विवेक ठेवावा लागतो. आणि चित्रांत कितीही संशय दिसला तरी चुंबकाची ती केवळ साक्ष असते; निकाल सुईकडेच असतो.

ज्या स्त्रीला ही तपासणी सांगितली असेल, तिनें घाबरण्याचें कारण नाहीं. तिला पालथें निजवितात. छातीखालीं दोन पोकळ्या असलेली खास बैठक असते व तींत स्तन मोकळे सोडले जातात. अशी बैठक प्रत्येक यंत्राबरोबर असतेच असें नाहीं. म्हणून लांबचा प्रवास करण्यापूर्वीं चौकशी करावी. अर्धा पाऊण तास स्थिर राहावें लागतें. आवाज मोठा असतो. कानांत बोळे देतात. हातांत एक घंटी देतात. ती दाबली कीं मनुष्य तत्काळ येतो. अंगावरील धातु बाहेर ठेवावा लागतो. टांचणी, आंकडे, साडीची पिन हीं लोखंडाचीं असल्यामुळें प्रबळ चुंबक तीं खेंचून घेतो. सोन्याचांदीला चुंबक ओढीत नाहीं, परंतु धातूमुळें चित्र बिघडतें व तो तापूंही शकतो. म्हणून मंगळसूत्र व जोडवीं काढावयास सांगतात. कित्येक सुवासिनींना हेंच सर्वांत जड जातें. घरांतील सासूनें वा आईनें आधींच समजूत घातली, मंगळसूत्र स्वतःच्या ओटींत घेऊन ती बाहेर बसली, तर अर्धी भीति तेथेंच संपते. कांचेच्या बांगड्यांना चुंबकाचें भय नाहीं. तरी तेथील मनुष्य सांगेल तसें करावें. अंगावर गोंदण असेल तर तेंही सांगावें, कारण कांहीं शाईंत लोहाचे अंश असतात. हृदयाची गति राखणारें यंत्र, मेंदूंतील धातूची चिमटी, कानांत बसविलेलें श्रवणयंत्र, डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कण, मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण यांपैकीं कांहीं असल्यास तें लपवूं नये. गर्भवतीला गॅडोलिनियम देण्याचें टाळतात. मूत्रपिंड अधू असल्यास विचार करून देतात.

यंत्राचा हा सारा महिमा ध्यानांत घेऊनही, महाराष्ट्रांतील एक मोठा अनुभव विचारांत घेतला पाहिजे. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. तेथील डॉक्टरांनीं १९९८ पासून मुंबईच्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत थोडें शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनीं हातानें स्तन तपासीत; चुंबक नाहीं, क्ष-किरण नाहीं. वीस वर्षांचा हिशेब २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हातानें तपासलेल्या स्त्रियांत रोग अधिक लवकरच्या अवस्थेंत सांपडला. पन्नाशीच्या आंतील स्त्रियांच्या मृत्यूंत घट दिसली नाहीं. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगानें होणारे मृत्यु शेंकडा जवळजवळ ३० नीं कमी झाले. जेथें मोठीं यंत्रें घरोघर पोहोंचणार नाहींत, तेथें शिकविलेला हात काय करूं शकतो, हें त्या वस्त्यांनीं दाखविलें. सोलापूर जिल्ह्यांत बार्शी येथें १९८७ सालीं ग्रामीण भागासाठीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. नोंदीसाठीं गांवोगांव फिरणाऱ्या माणसांनीं स्त्रियांशीं या रोगाविषयीं बोलण्याचा परिपाठ ठेवला. त्यानंतर गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया अधिक लवकर दवाखान्यांत येऊं लागल्याचें आढळलें. तेथें तर कामाला आलें तें केवळ बोलणें.

बुलढाणा जिल्ह्यांतील स्त्रीला याच क्रमानें चालतां येण्याजोगी वाट आतां आहे. गांवांत आशा सेविका आहे, जवळ उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. तीस वर्षांवरील स्त्रियांचे स्तन पांच वर्षांतून एकदां हातानें तपासावे, असें राष्ट्रीय कार्यक्रमांत २०१६ पासून सांगितलेलें आहे. बुलढाण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. पुढील उपचारांसाठीं छत्रपति संभाजीनगर येथें शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. वाट आहे, पण तिच्यावरचें पहिलें पाऊल घरांतून पडावें लागतें, आणि तेंच सर्वांत उशिरा पडतें.

म्हणून शहरांतील सुशिक्षित कुटुंबांवर दुहेरी जबाबदारी येते. घरांतील स्त्रीला गांठ लागली तर तिला आठवड्याच्या आंत डॉक्टराकडे न्यावें, पण यंत्राचा हट्ट धरूं नये. डॉक्टरानें एम्. आर. आय. सांगितलें, तर नम्रपणें चार प्रश्न विचारावे. या चित्रापासून कोणत्या शंकेचें उत्तर मिळावयाचें आहे? तें उत्तर सोनोग्राफी, मॅमोग्राफी किंवा सुईनें मिळणार नाहीं काय? चित्रांत कांहीं नवें दिसलें तर पुढें काय करणार? आणि कांहीं दिसलें नाहीं, तर सुईची तपासणी टळेल काय? हाताला संशयास्पद गांठ लागत असतांना केवळ चित्र निर्दोष आलें म्हणून सुई टाळणें बहुधा योग्य नसतें, हें शेवटच्या प्रश्नाचें उत्तर विशेष लक्षांत ठेवावें. चांगला डॉक्टर या प्रश्नांनीं रागावत नाहीं.

दुसरी जबाबदारी गांवाकडच्या माणसांची. शहरांतील जवळपास प्रत्येक कुटुंबाची मुळें कोणत्या ना कोणत्या खेड्यांत आहेत. तेथें चुलती आहे, वहिनी आहे, आत्या आहे. सणावाराला गेल्यावर पीकपाणी विचारतात, भाव विचारतात. तेव्हां बायकांनीं बायकांशीं या गोष्टीविषयींही बोलावें. पुरुषांनीं अंग काढून घेऊं नये, कारण एस्. टी. चें भाडें, दवाखान्याचा खर्च आणि शेतांतील दोन दिवसांची सुटी हीं बहुधा त्यांच्याच हातीं असतात. सोंगणी चार दिवस पुढें गेली तर नुकसान धान्याचें होतें, आणि तें पुढच्या हंगामांत भरून निघतें. गांठीचा हंगाम मात्र असा थांबत नाहीं. ती हाताला लागली त्याच आठवड्यांत त्या स्त्रीला कोणी तरी बरोबर घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढावयास हव्यात.